बदामाचं पाणी, दारातलं सोयाबीन अन् दोन वर्षांचं लेकरू

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी बदामाचं दूध करायची पाककृती आली होती. कृती चांगली होती, फोटो पण मस्त होता, भांडण तिच्याशी नाही. पण खाली शेवटी एक वाक्य होतं की एक वर्षाच्या पुढच्या मुलांना गायीच्या दुधाच्या ऐवजी हे रोज देता येईल, अन् त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला घेतलंय, जरा लांबेल, काटछाट करायची तर करा पण सोयाबीनचा अन् बी१२ जीवनसत्त्वाचा भाग तेवढा ठेवा.

मी लातूरला मेडिकल दुकान चालवतो. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ तर नाहीच, डी. फार्म. झालेला माणूस आहे, पण काउंटरवर उभं राहिलं की गावात काय चाललंय ते पेपरच्या आधी कळतं. पूर्वी लेकराला दूध न देणारे म्हणजे ज्यांना परवडत नाही ते. आता तीन-चार प्रकारची माणसं येतात. एक म्हणजे पुण्या-हैदराबादला नोकरी करून वर्क फ्रॉम होमला गावाकडं आलेली पोरं-पोरी, जनावरांच्या दयेपोटी दूध-तूप सगळं सोडलेली, व्हीगन म्हणतात त्यांना, अन् आता त्यांना लेकरू झालंय. दुसरे म्हणजे ज्यांच्या लेकराला दुधाची ॲलर्जी निघाली ते. तिसरे यूट्यूब बघून "दुधानं कफ होतो" म्हणून बंद करणारे, ह्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच, "भाऊ, बदामाचं दूध आहे का लहान लेकरासाठी?"

आता आमच्याकडं देवणी गायीचा मुलूख, लाल कंधारी शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली, घरोघरी म्हशी, तिथं लेकराला दूध द्यायचं नाही म्हणलं की आजी रडायलाच बसते. "दुधाबिगर लेकरू वाढंल कसं, हाडं कशी धरतील" हे आजीचं म्हणणं, अन् "माणूस सोडून कुठलं जनावर मोठेपणी दुसऱ्याचं दूध पितं सांगा" हे सुनेचं म्हणणं, अन् पोरगा मधी गप उभा. मला विचाराल तर दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. दुधाबिगर लेकरू वाढू शकतं, पण दुधातून जे मिळत होतं ते दुसरीकडून मोजून द्यावं लागतं, नुसतं पांढरं दिसणारं काहीतरी ग्लासात ओतून भागत नाही. एवढंच म्हणायचंय मला सगळ्या पत्रात.

मोजून म्हणजे काय ते बघा. १०० मिली गायीच्या दुधात साधारण तीन ग्रॅमच्या वर प्रोटीन अन् १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. लेकरानं दिवसभरात दोन कप, म्हणजे ४०० मिली घेतलं तर प्रोटीन बारा-तेरा ग्रॅम अन् कॅल्शियम पावणेपाचशे मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबानं एक ते तीन वर्षांच्या लेकराला दिवसाला कॅल्शियम लागतं ५०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन कपात जवळपास काम फत्ते. (ह्याच्यावर लिटर-लिटर पाजायची काही गरज नाही, दुधानंच पोट भरलं की लेकरू भाकर खात नाही अन् रक्त कमी होतं, तेही दुकानात रोज बघतो, आयर्नचं सिरप न्यायला येतात.) आता तेवढंच बदामाचं दूध द्या. पाकिटातल्या बदाम-ड्रिंकमध्ये १०० मिलीला प्रोटीन बहुतेक वेळा एक ग्रॅम पण नसतं, बदाम असतो दोन-चार टक्के, बाकी पाणी, साखर, घट्ट करायचे गम. घरचं केलं तरी मूठभर बदाम, लिटरभर पाणी, वरून गाळून घ्यायचं, म्हणजे बदामातलं जे खरं ते चोथ्यात अन् चोथा आईच्या केसरी हलव्यात. लेकराच्या वाट्याला बदामाचा वास आलेलं पाणी, अन् भाव गायीच्या दुधाच्या तिप्पट-चौपट.

बाकीचे पण सांगून टाकतो. ओट्सचं चवीला बरं, पण प्रोटीन एक ग्रॅमच्या आसपासच. नारळाच्या दुधात फॅट भरपूर, प्रोटीन नाममात्र, भाजीत-कढीत घाला, मुख्य दूध म्हणून नको. तांदळाच्या दुधाचं तर वेगळंच आहे, तांदूळ जमिनीतलं-पाण्यातलं आर्सेनिक नावाचं विष ओढून घेतो म्हणून ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तांदळाचं ड्रिंक देऊच नका म्हणती. भात खाऊ घालायला हरकत नाही, घाबरू नका, प्रश्न रोज कप-कप पाजायचा आहे. शेंगदाण्याचं दूध आमच्याकडं सुचतंच लोकांना, उपासाची सवय, प्रोटीन त्याच्यात बरं उतरतं पण कॅल्शियम नाही, अन् खवट-काळपट दाणा अजिबात वापरायचा नाही कारण बुरशीचं विष उकळून जात नाही. अख्खा दाणा तर पाच वर्षांच्या आत हातात पण द्यायचा नाही, नरड्यात अडकतो, कूट किंवा बारीक वाटूनच.

मग राहतं काय, तर सोया. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची, आहारतज्ज्ञांची, हृदयरोगाची अन् लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांची अशा चार संघटनांनी मिळून सांगितलं की एक ते पाच वर्षांच्या मुलांना गायीच्या दुधाची जागा पूर्ण घ्यायची असंल तर वनस्पतीच्या दुधात एकच चालंल, बिनसाखरेचं फोर्टिफाइड सोया. फोर्टिफाइड म्हणजे वरून कॅल्शियम, डी, बी१२ वगैरे घातलेलं. ब्रिटनवाले जरा ढिले आहेत, ते कॅल्शियम घातलेलं बिनसाखरेचं ओट्स किंवा बदामाचं पण वर्षाच्या पुढं चालू देतात, पण बाकीचा आहार भरपूर पाहिजे ह्या अटीवर. आपल्याकडं ती अटच अवघड आहे. दोन वर्षांचं लेकरू दोन घास वरण-भात खाऊन पळतं, त्याचा बाकीचा आहार म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट. खरं सांगू का, मला व्हीगन आयांची एवढी काळजी वाटत नाही जेवढी ह्या चहा-बिस्कीटवाल्यांची वाटती, व्हीगन आई निदान विचारायला तरी येती.

अन् इथंच माझं डोकं फिरतं. सोया म्हणजे काय परदेशातनं येणारी गोष्ट आहे का? लातूरचा मोंढा सोयाबीनवर चालतो, पावसाळ्यात औसा रोडला जा नाहीतर निलंग्याकडं, नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं एमएयूएस ७१, १५८, ६१२ अशी एकेक वाणं काढली. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता अन् मोंढ्यात भाव त्याच्या खाली, हे रडगाणं तुम्ही रोजच छापता. तेल गाळलं की राहिलेली पेंड, डीओसी म्हणतात ती, कोंबड्यांच्या खाद्याला जाती. म्हणजे आपल्या रानातलं प्रोटीन कोंबडीला पोचतं अन् दोन वर्षांच्या लेकरासाठी आई माझ्याकडं पाकीट मागती जे बाहेरनं पॅक होऊन येतं. त्या पाकिटावर जीएसटी पण होता, सोयाच्या दुधाला १२ अन् बदाम-ओट्सवाल्यांना १८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना ५ झाला, तेवढं एक बरं झालं.

घरी करता येतं का? येतं. आमच्या घरी करतात, म्हणून नीट सांगतो कारण अर्धवट केलं तर लेकराचं पोट बिघडतं. पहिली गोष्ट, पेरणीतनं उरलेल्या बॅगेतलं बियाणं घ्यायचं नाही म्हणजे नाही, त्याला औषध चोळलेलं असतं, कितीही धुवा. खायचं स्वच्छ सोयाबीन घ्यायचं, रात्रभर भिजवायचं, सकाळी पाण्यात दोन्ही हातानं चोळलं की सालं वर तरंगतात, ती ओतून टाकायची. वाटताना गार पाणी नाही, कडक गरम पाणी घालायचं, त्यानं तो कच्चट हिरवा वास बराच कमी होतो, ज्याच्यामुळं लोक एकदा करतात अन् परत नाव काढत नाहीत. एका वाटीला सात-आठ वाट्या पाणी, मग फडक्यातनं पिळून घ्यायचं. आता खरी मेख. गॅसवर ठेवलं की भसाभसा फेस येतो अन् वाटतं उकळलं, उतरवा. ते उकळलेलं नसतं, फेस आधीच येतो. मोठं पातेलं घ्यायचं, फेस चमच्यानं मोडत राहायचा अन् खरी उकळी फुटल्यावर बारीक गॅसवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, हलवत, खाली लागतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा एक घटक असतो तो ह्या उकळण्यानंच मरतो. किलोभर सोयाबीनमध्ये सात-आठ लिटर दूध निघतं, भाव तुम्हीच लावा. चोथा टाकू नका, धपाट्याच्या पिठात मळा, कुणाला कळत पण नाही. दूध मात्र फ्रिजमध्येच ठेवायचं अन् दोन-तीन दिवसात संपवायचं, उन्हाळ्यात आमच्याकडं लाइट जाती तेव्हा त्याच दिवशी.

पण थांबा, हे घरचं सोया दूध प्रोटीनमध्ये गायीच्या दुधाच्या बरोबरीला येतं, कॅल्शियममध्ये नाही, तिथं ते पाव हिश्श्याच्या आसपास राहतं, अन् बी१२ तर त्याच्यात शून्य. पाकिटातल्यात वरून घातलेलं असतं तेही सगळ्यात नाही, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचा. कॅल्शियम १०० मिलीला १२० च्या आसपास आहे का, बी१२ लिहिलंय का, साखर किती, चॉकलेट-व्हॅनिला फ्लेवर तर नाही ना. अन् पाकीट जोरात हलवून मगच ओता, घातलेलं कॅल्शियम तळाला बसतं, न हलवता ओतलं तर शेवटच्या माणसाला सगळं कॅल्शियम.

घरचंच करत असाल तर कॅल्शियम जेवणातनं काढावं लागंल. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आपल्याकडं नाचणी पिकत नाही फार पण किराणात मिळती, भिजवून मोड आणून सत्त्व केलं की शोषलं पण बरं जातं. तिळाचं कूट, राजगिरा, शेवग्याचा पाला. शेवग्याचं झाड तर अर्ध्या लातुरात कंपाउंडला असतं, शेंगा तोडायच्या अन् पाला शेळीला. ज्वारीच्या भाकरीवर मात्र कॅल्शियमसाठी विसंबू नका, भाकरी सोन्यासारखी आहे पण हे तिचं काम नाही. फॅटचं पण ध्यानात ठेवा, दोन वर्षांच्या आतल्या लेकराला फॅट लागतं, वरणात तूप नाही घालायचं तर शेंगदाण्याचं-तिळाचं तेल घाला, कूट घाला, लेकरांना डाएट नको. मीठ आयोडीनचंच, खडा मीठ-सैंधव मीठ ह्या फॅशनी मोठ्यांनी कराव्यात.

आता बी१२. हे जिवावरचं आहे. हे जीवनसत्त्व कुठल्याच भाजीत, डाळीत, फळात भरवशानं मिळत नाही. इडली आंबवली म्हणून येत नाही, स्पिरुलिनाच्या गोळीत असतं ते माणसाच्या कामाचं नसतं. दूध-दही खाणाऱ्या आपल्या शाकाहारी घरात पण बी१२ कमी निघतं, मग दूधही बंद केल्यावर काय राहिलं. आई व्हीगन असंल अन् अंगावर पाजत असंल अन् तिनंच बी१२ घेतलं नाही तर तिच्या दुधात पण ते कमी उतरतं. लेकरू मऊ पडतं, हसणं कमी होतं, आधी बसत होतं ते बसेना, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, काही जणांचे हातपाय थरथरायला लागतात. मेंदूवर परिणाम होतो अन् उशीर झाला तर सगळा भरून निघतोच असं नाही. थेंब मिळतात, सिरप मिळतात, किंमत काही फार नसती. डोस बालरोगतज्ज्ञांना विचारून, माझ्यासारख्या मेडिकलवाल्याला विचारून नाही, अन् पुन्हा सांगतो आईचा डोस वेगळा. ड जीवनसत्त्वाचं पण त्यांनाच विचारा, बहुतेक डी३ मेंढीच्या लोकरीच्या चिकटापासनं काढतात, कट्टर व्हीगन असाल तर डी२ किंवा लायकेनपासनं (दगडफुलाच्या जातीचं) काढलेलं डी३ सांगायचं, मागवून मिळतं.

रेशनच्या तांदळात सरकारनं आयर्न, फोलिक ॲसिड अन् बी१२ घातलेले दाणे मिसळायला घेतले, चांगली गोष्ट होती, पण आमच्याकडं निम्मे लोक "प्लास्टिकचा तांदूळ आला" म्हणून तेच दाणे निवडून उकिरड्यावर टाकतात. टाकू नका. पण त्या तांदळाच्या भरवशावर दूध न पिणारं लेकरू पण ठेवू नका.

ॲलर्जीवाल्यांसाठी थोडं. गायीच्या दुधाची ॲलर्जी निघाली की गल्लीतलं प्रत्येक माणूस सांगतं शेळीचं दूध द्या. शेळीचं, म्हशीचं प्रोटीन गायीच्या प्रोटीनशी इतकं मिळतंजुळतं असतं की बहुतेक लेकरांना त्याचाही त्रास होतो. काहींना सोयाचा पण होतो, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानं. अन् हगवणीनंतर काही दिवस दूध पचत नाही ते वेगळं, ती ॲलर्जी नाही, तेवढ्यावरनं दूध कायमचं बंद करायची गरज नसती. खऱ्या ॲलर्जीवाली बरीच लेकरं पण शाळेत जायच्या वयापर्यंत दूध पचवायला लागतात.

अन् वर्षाच्या आतल्या बाळाला ह्यातलं काहीच नाही, ना बदाम ना सोया ना ओट्स, ना घरचं ना पाकिटाचं, अन् गायीचं पण मुख्य दूध म्हणून नाही. आईचं दूध, दोन वर्षांपर्यंत अन् पुढंही चालू ठेवा असं डब्ल्यूएचओ म्हणतं, व्हीगन घराला तर ह्याच्याइतकं सोयीचं काही नाही. अंगावर नसंलच तर सोयापासनं केलेला बाळांचा फॉर्म्युला मिळतो, तो डॉक्टरच्या चिठ्ठीनं, दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांना तोही नको. ह्या डब्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, डब्यावर बाळाचा फोटो पण छापता येत नाही. बदाम-ओट्सचं ड्रिंक मोठ्यांचं पेय म्हणून विकलं जातं, त्याच्यावर ही बंदी नाही, अन् मग पाककृतीच्या खाली एक वाक्य येतं अन् आया कात्रण घेऊन माझ्याकडं येतात. कात्रण घेऊन आल्या म्हणून तर मला कळलं.

मागणं दोन आहेत साहेब. पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, छापा की बदामाचं दूध लहान मुलांना दुधाच्या बदली चालत नाही, अन् आपल्या भागातल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडनं बी१२ वर अर्धं पान लिहून घ्या, आतल्या पानावर टाकलं तरी चालंल. दुसरं तुमच्या हातातलं नाही पण तुम्ही लावून धरू शकता. लातूर-परभणीच्या पट्ट्यात सोयाबीनवर प्रक्रिया म्हणजे नुसतं तेल अन् पेंड का? कॅल्शियम, बी१२ अन् डी घातलेलं, बिनसाखरेचं, साध्या पिशवीतलं सोया दूध इथंच तयार करायला कुणाला तरी पुढं करा, एखादी शेतकरी कंपनी, एखादा बचत गट विद्यापीठाला धरून. गिऱ्हाईक फक्त व्हीगन राहणार नाही. ज्या घरात म्हैस विकून झाली अन् पिशवीचं दूध फक्त चहापुरतं येतं त्या घरातलं लेकरू पहिलं गिऱ्हाईक आहे. मी दुकानात ठेवतो, मार्जिन नाही मिळालं तरी.

आपला,
एक मेडिकलवाला वाचक, लातूर